सासऱ्यांचं आयुष्य पासष्ट हजार अक्षरांत

"दहा मिनिटांचं काम आहे, बाबा!" मी भर जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांना सांगून टाकलं. एवढं बोलायला मला कुणी सांगितलं होतं?

माझे सासरे निवृत्त मोजणीदार. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि पंच्याहत्तरीनिमित्त स्वतःचं आत्मचरित्र स्वतःच टाइप केलं. तीन लाख अक्षरं! पण एकच जागा सोडली तर शब्द एकमेकांच्या हद्दीत घुसतील, या भीतीने त्यांनी प्रत्येक शब्दानंतर स्पेसबार दोनदा दाबला होता. हाताने दुरुस्त करायचं तर महिना गेला असता. पण घरात प्रोग्रामर जावई असताना? छे!

ऑफिसात वापरतो त्या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेत मी पाच ओळी खरडल्या. अख्खं पुस्तक एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरं ठेवायच्या डब्यात, भरायचं; दोन जागांची एक करायची; परत लिहायचं. प्रोग्राम चालला. तक्रार नाही, कुरकुर नाही! पहिलं पान बघितलं, झकास! पुस्तक भलतंच बारीक झालं होतं खरं. पण इतक्या रिकाम्या जागा काढल्यावर बारीक होणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तीस प्रती छापून आणल्या.

रविवारी सगळे जमले. सासूबाई या पुस्तकाकडे डोळे लावून बसल्या होत्या. पहिल्या भेटीत आपण नवऱ्याला कशा वाटलो, हे शेहेचाळीस वर्षं विचारूनही त्यांना उत्तर मिळालं नव्हतं. हल्ली तर सासरे "पुस्तकात लिहिलंय," एवढंच म्हणायचे.

सासूबाईंनी चष्मा लावला, पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "हिला भेटायला गेलो. खुर्चीवर बसलो आणि मला एकदम कळलं की आपण"

"पुढे?" मेहुण्याने विचारलं.

"पुढे पुठ्ठा आहे."

"म्हणजे माझा जन्मच नाही झाला?" बायको किंचाळली.

"मी तरी कुठे झालोय!" मेहुणा म्हणाला.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. "लग्नानंतर यांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलं नसेल."

"अगं, लिहिलंय मी! पुढे लिहिलंय!" सासरे घामाघूम झाले. मी "तांत्रिक अडचण" असं काहीतरी पुटपुटलो. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीसकट मागे सरकलो.

"मग सांगा ना तोंडाने," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी दोनदा घसा खाकरला. "मला एकदम कळलं की... आपण इथून आता एकट्याने परत जायचं नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवात जीव आला.

सोमवारी ऑफिसात आमच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर मॅडमपुढे मी हात जोडले. "अरे शहाण्या," त्या म्हणाल्या, "या भाषेच्या एका स्ट्रिंगमध्ये पासष्ट हजार पाचशे पस्तीसच अक्षरं मावतात. उरलेली ती गुपचूप टाकून देते. एका घासात कशाला कोंबलंस? एक ओळ वाच, दुरुस्त कर, लिहून टाक, मग पुढची घे." नुसतं सांगून त्या थांबल्या नाहीत. जेवणाची सुट्टी मोडून माझ्याशेजारी बसल्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळं तपासून घेतलं. त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही!

मग पूर्ण झालेलं पुस्तक मी उघडलं आणि ते वाक्य शोधलं. "मला एकदम कळलं की आपण पत्ता चुकून शेजाऱ्यांच्या घरात बसलो आहोत." त्यापुढे शेजाऱ्यांच्या चहाचं दीड पान कौतुक. सासूबाई त्यानंतर, दोन ओळींत.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, कसे आभार मानू तुमचे! कालपासून ही गुणगुणत कामं करतेय हो. शेहेचाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं. बरं... ते पुढचं सापडलं का?"

"सापडलं, बाबा. सगळं सापडलं."

सासऱ्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"पुन्हा हरवता येईल का?"