खुर्चीखालचा स्टिकर

केळ्याचा घास बाळाच्या तोंडापाशी पोहोचला आणि आईचा फोन वाजला. खुर्चीच्या कंपनीचा संदेश होता: ‘आपण घेतलेली बाळखुर्ची सुरक्षेच्या कारणास्तव परत मागवत आहोत. वापर ताबडतोब थांबवा. खुर्चीखालच्या स्टिकरवरचा क्रमांक कळवा.’

आईने बाळाला खुर्चीतून उचललं. बाळाचं तोंड उघडंच राहिलं.

क्रमांक कळवणं अवघड होतं. तो स्टिकर तिने पहिल्याच दिवशी खरवडून कचऱ्यात टाकला होता.

“स्टिकर नसेल तर खुर्ची आमचीच कशावरून, मॅडम?” फोनवरच्या मुलीने विचारलं.

“पाठीवर हातभर नाव कोरलंय की तुमचं!”

“मग तपासनीस येऊन बघतील. दोन-तीन दिवस लागतील.”

“बरं, बिघाड काय आहे तेवढं तरी सांगा.”

“ते नाही सांगत आम्ही. लोक उगाच घाबरतात.”

त्यामुळे आई सगळ्यालाच घाबरली. पायांना, पट्ट्याला, रंगालासुद्धा. खुर्ची गॅलरीत गेली. पण त्या खुर्चीखेरीज कुठेही बसून जेवायचं नाही, हा बाळाचा नियम होता. मांडीवर घेतलं की ओठ घट्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने केळं केसांना लावलं, भिंतीला लावलं, आजीच्या चष्म्याला लावलं. पोटात मात्र दुधाशिवाय काही जाऊ दिलं नाही.

“आमची मुलं जमिनीवर बसून जेवली,” सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “जमीन कुणी परत मागवली नाही.”

तिसऱ्या दिवशी तपासनीस आले. खुर्ची उलटी करून त्यांनी टॉर्च मारला.

“स्टिकर कुठाय?”

“काढला मी. कोपरा सुटला होता त्याचा. बाळाने ओढून गिळला असता म्हणजे?”

“बघा हो,” सासूबाई म्हणाल्या, “हिला स्टिकरचीसुद्धा भीती!”

तपासनीसांनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला आणि घसा साफ केला. “बिघाड तोच आहे. स्टिकर सुटतो, मूल गिळू शकतं. तेवढ्यासाठीच सगळ्या खुर्च्या परत मागवतोय.”

सासूबाईंनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

बाळाला खुर्चीत बसवलं. त्याने लगेच तोंड उघडलं. तीन दिवसांत पहिल्यांदा आईचे खांदे सैल झाले.

तपासनीस मात्र काम अर्धवट टाकणारे नव्हते. बॅगेतून एक चकचकीत स्टिकर काढून त्यांनी तो खुर्चीखाली चिकटवला: ‘तपासले. सुरक्षित.’

ते जिना उतरून खाली पोहोचायच्या आत आईचं नख त्याच्या कोपऱ्याखाली गेलं होतं.