गणपतीचं पथ्य

ईश्वर निर्विकार आहे, त्याला भूक नाही, तहान नाही, रोग नाही, असं जाणकार पूर्वीपासून सांगत आले आहेत. गेल्या चतुर्थीला आमच्या घरच्या गणपतीने किडनीचं पथ्य पाळलं.

किडनी माझी. गणपती माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. तसा तो घरचाच; पण दादा त्याच्याशी ज्या सलगीने बोलतो, ती पाहता आम्ही बाकीचे पाहुणे ठरतो.

दादा गाऱ्हाणी घालतो. आमच्या मुलखात सगळेच घालतात. देवासमोर उभं राहून कर्त्याने मागणं मागायचं आणि मागच्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. पण दादाला त्यासाठी देऊळही लागत नाही आणि सणही. विहिरीवरचा पंप बंद पडला की तो आधी पंपासमोर हात जोडतो. “बा देवा म्हाराजा, ही जी काय मोटर रुसान बसलेली आसा, तिका बुद्धी दी!” वहिनी आतून ‘होय म्हाराजा’ म्हणते आणि वायरमनला फोन लावते.

मी कधीच म्हणत नाही. चार पुस्तकं वाचल्याचा माझ्यावर टिकलेला हा एकच परिणाम. गाऱ्हाणं संपलं की दादा माझ्याकडे बघून म्हणतो, “ह्येची बसली दातखीळ.”

कुडाळच्या डॉक्टरांनी माझं मीठ जवळजवळ बंद केलं, केळी-बटाटे काढून घेतले आणि नारळ पूर्ण वर्ज्य सांगितला. दादा सोबत होता. दवाखाना किंवा कचेरी दिसली की त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी होते.

“डॉक्टरसाहेब, नारळ वर्ज्य, हे आपलं मत आहे की शास्त्राचं?”

“रिपोर्टचं,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “नारळ नाय तर माणसान खावचा काय? वारो?”

चतुर्थीला कुडाळहून गावी जायचंच नाही असं मी ठरवलं. आमच्याकडे त्या दिवशी देवाला दाखवल्याशिवाय कोणी काही तोंडात घालत नाही, आणि देवाला दाखवतात त्यातलं मोदकापासून काळ्या वाटाण्याच्या आमटीपर्यंत सगळं नारळात बुडालेलं. शेवटी फोनवर मी तडजोड सुचवली. येतो, पण माझा डबा घेऊन. अंगणात बसून खाईन.

“डबो? देवाच्या घराक एस्टी स्टँड समाजलंस काय रे मेल्या?”

“मग करू काय?”

“तुका देवाचा खावक जमना नाय ना? मग देव तुझा खातलो.”

तिकडे वहिनीने म्हणे कपाळावर हात मारला. “देवाक अळणी दाखवतलात? लोका काय म्हणतली?”

“लोकांका खंय दाखवूचा आसा?”

तिने पळी त्याच्या हातात दिली आणि ती सोप्यावर जाऊन बसली. तोवर दादाला फक्त चहा येत होता, तोही बऱ्याचदा उतू जाऊन. नागपंचमीपासून त्याने रवा-साखरेचं सारण भरून मोदकांच्या तालमी सुरू केल्या. पहिली खेप गाईपुढे ठेवली. तिने हुंगून तोंड फिरवलं. “तिका काय समाजता?” दादा म्हणाला. वहिनी म्हणाली, गावात सगळ्यात जास्त तिलाच समजतं.

नैवेद्य आधी चाखायचा नसतो. त्यामुळे प्रत्यक्ष चतुर्थीला काय शिजलंय, ते दादासकट कोणालाच ठाऊक नव्हतं. पानावर भात, दुधीची भाजी, पातळ वरण आणि मोदक. नारळ होता, पण दादाच्या हातात, गाऱ्हाण्यापुरता.

त्याने सवयीप्रमाणे बैलापासून सुरुवात केली. काजूची कलमं झाली, कट्टा गावाला जाणारी दुपारची एस्टी झाली. होय म्हाराजा, होय म्हाराजा.

“बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो अळणी निवेद तुका दाखवलेलो आसा, तो गोड मानून घे. तुझो काय गुन्हो नाय.”

“होय म्हाराजा!”

“डॉक्टराचो पण नाय.”

“होय म्हाराजा!” मागे कोणीतरी हसलं.

“ह्यो माझो भाव...”

दादा थांबला. गाऱ्हाण्यात तो कधी थांबत नाही.

“ह्येका पुढच्या चवथीक ह्याच पाटार बसय.”

मागून काहीच आलं नाही. वहिनीने पदर तोंडाला लावला होता, पोरं जमिनीकडे बघत होती. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. दादा आमच्याकडे पाठ करून, नारळ धरून, तसाच उभा राहिला.

“होय म्हाराजा,” मी म्हणालो.

त्याने वळून पाहिलं नाही. नारळ खाली ठेवला, उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाला, “वाढा.”

घरातल्या सगळ्यांनी तेच अळणी जेवण माझ्यासोबत पंगतीत बसून खाल्लं. मी दोन मोदक मागून घेतले.

आतून कच्चे होते.