भिंतीपलीकडे ऊन

नॉर्बर्ट गडोम्स्कीने पहाटे पडदा सारला, तर समोरचा रस्ता जागेवर नव्हता. पायऱ्या नव्हत्या, कुंपण नव्हते, टपालाची पेटी नव्हती. होता तो नुसता बर्फ, आणि कुणीतरी वर बसून घमेली पालथी करावीत तसा तो अजून पडतच होता.

"किती आहे?" आतल्या खोलीतून यूजीनने विचारले.

"आहे थोडा."

"थोडा म्हणजे गुडघ्याएवढा, की गळ्याएवढा?"

"तू उठू नकोस."

यूजीन काय ते समजला. तो थोरला. तरुणपण भट्टीपाशी आणि उरलेले आयुष्य सिगारेटीपाशी काढून त्याने आपली फुफ्फुसे पार वापरून टाकली होती. आता नाकात नळी आणि उशाशी घुरघुरणारे ऑक्सिजनचे यंत्र. डॉक्टरांनी नॉर्बर्टला बाजूला घेऊन सांगितले होते, की उन्हाळ्याचे बेत आखू नका. नॉर्बर्टने मान डोलावली आणि घरी येऊन हिवाळ्याचा एक बेत आखला.

तो बेत म्हणजे कोल्ड फर्नेस. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा रिकाम्या झालेल्या गावातल्या चार पोरांनी काढलेला हा बँड. ढोल बडवणाऱ्याने म्हणे पहिला ढोल कारखान्यातल्या पिंपाचाच केला होता. त्यांच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाची तिकिटे या दोघा भावांनी काढली, आणि त्याच आठवड्यात त्यांची आई गेली. पुढच्या खेपेला जाऊ, असे दोघे म्हणाले. पण पुढची खेप यायच्या आत चौघांत भांडणे होऊन बँड फुटला, तो फुटलाच. आता म्हातारपणी देवाने बुद्धी दिली म्हणा, नाहीतर बायकांनी दिली म्हणा, ते चौघे एका संध्याकाळपुरते एकत्र गाणार होते. पलीकडे बफेलोत, मोठ्या बंदिस्त मैदानात, एकदाच. आणि ती संध्याकाळ आजची होती.

"कार्यक्रम रद्द झाला असेल," नॉर्बर्ट आशेने म्हणाला.

यूजीनने रेडिओचा आवाज वाढवला. निवेदिका खुशीत सांगत होती, की शहरात लख्ख ऊन पडले आहे, मैदानाचे दरवाजे वेळेवर उघडतील, येताना गॉगल आणा.

ईरी सरोवराची ही जुनी खोड. वारा पाण्यावरून येतो, बर्फ भरून घेतो आणि एका पट्टीत ओततो. पट्टीच्या आत माणूस बुडतो, आणि पट्टीच्या बाहेर लोक कुत्री फिरवत असतात. काल चुलतभावाने फोन करून बजावले होते, की आजच शहरात येऊन राहा. नॉर्बर्टने त्याला हसून उडवून लावले होते. "मी जन्मापासून हा बर्फ उपसतोय. पट्टी उत्तरेला जाणार, लिहून ठेव." या गावात प्रत्येक जण असेच म्हणतो आणि प्रत्येक जण पट्टीत सापडतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही.

"गाडी काढतो," नॉर्बर्ट म्हणाला आणि फावडे घेऊन खिडकीतून बाहेर पडला. दार उघडतच नव्हते.

घरासमोर गाडीएवढा उंचवटा होता. नॉर्बर्ट तिथे भिडला. बर्फ वरून भुसभुशीत, खाली ओल्या सिमेंटसारखा. एक फावडे उचलावे तर वरून दोन येत होती. मिशा गोठल्या, हातमोजे भिजले, कमरेतून कळ निघाली. आई, यूजीन, आई, यूजीन, असा मनात घोष करत तो उपसत राहिला. खिडकीतून यूजीन बोटांनी खुणा करत होता: डावीकडे, अजून डावीकडे. आजारी माणसाला मुकादमगिरी फार गोड लागते.

दुपार झाली तेव्हा दोन्ही चाके मोकळी झाली. करडा पत्रा दिसू लागला. नॉर्बर्टने बाहीने पुढची काच पुसली आणि आत डोकावला. आरशाला जपमाळ लटकत होती.

"ही जपमाळ कुणी अडकवली इथे?" तो स्वतःशीच पुटपुटला. मग हळूहळू, फार हळूहळू, त्याला आठवले. काल संध्याकाळी ऑक्सिजन पोचवणारी व्हॅन दारात उभी होती, म्हणून त्याने आपली गाडी दोन घरे पुढे लावली होती. व्हॅन गेल्यावर ती जागा शेजारच्या मिसेस विचोरेकनी पटकावली. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. या गल्लीचा कायदा असा, की जो जागा उपसतो तो तिथे घरातली खुर्ची आणून ठेवतो आणि बर्फ वितळेपर्यंत ती जागा त्याची. त्या खुर्चीला महापौरसुद्धा हात लावणार नाही. पण हा कायदा पहिला बर्फ उपसल्यावर लागू होतो. त्याआधी जागा देवाची. आणि गाडी दोघांकडेही सारखीच, करडी.

त्याने पुढे पाहिले. दोन घरांपलीकडे त्याची स्वतःची गाडी होती. म्हणजे असावी. बर्फ बाजूला सारणारा नांगराचा ट्रक तिथून दोनदा गेला होता आणि रस्त्याभरचा बर्फ त्याने तिच्यावर रचून ठेवला होता.

तेवढ्यात शेजारचे दार करकरले. सत्तरी ओलांडलेल्या विधवा मिसेस विचोरेक चर्चला जायचा कोट घालून उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"नॉर्बर्ट! पोरा! सकाळपासून मी जपमाळ घेऊन बसलेय. म्हटलं, चेस्टर गेला, आता माझी गाडी कोण काढणार? देवा, कुणालातरी धाड. आणि बघते तर तू!"

नॉर्बर्टने मिशांवरचा बर्फ झटकला आणि मान डोलावली. पण यूजीनने खिडकी वर केली.

"मिसेस विचोरेक, त्याला ती स्वतःची वाटली!" हसता हसता त्याला ठसका लागला आणि नाकातली नळी निसटली.

"वाटू दे की! वाटवली कुणी?" बाईंनी आभाळाकडे बोट केले. बर्फ त्यांच्या बोटावर पडला. "एवढी घाई कसली होती रे तुला?"

नॉर्बर्टने सांगितले. कोल्ड फर्नेसचे नाव ऐकताच बाईंचा चेहरा आंबट झाला. गडोम्स्कींच्या माडीवरून रेकॉर्डवर वाजणारे ते पिंप बडवणे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले होते. त्यांनी खिडकीतल्या यूजीनकडे पाहिले. त्याचे ओठ निळसर दिसत होते. मग त्या आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या.

"चला. पण चालवणार मी. चेस्टरनंतर या गाडीच्या पायपट्टीला दुसऱ्या कुणाचा पाय लागलेला नाही."

यूजीनला चार गोधड्यांत गुंडाळून, मांडीवर छोटे सिलिंडर देऊन मागे बसवले. नॉर्बर्टचे खिसे भिजलेले, म्हणून तिकिटे बाईंच्या पर्समध्ये गेली. मिसेस विचोरेकनी छातीवर क्रूस काढला आणि गाडी सुटली. तीन गल्ल्या ती अशी गेली, की यूजीन मागून गाऊ लागला. चौथ्या वळणावर पांढऱ्या भिंतीतून निळा दिवा लुकलुकला आणि बर्फाने माखलेला एक तरुण पोलीस हात आडवा करून उभा राहिला.

"आजी, गाड्यांना बंदी आहे. कुठे निघालात?"

नॉर्बर्ट पुढे वाकला. "दवाखा—"

"गाण्याला," मिसेस विचोरेक म्हणाल्या.

नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले. "मिसेस विचोरेक, एवढं एक खोटं बोलला असतात तर?"

"मी जन्मात बोलले नाही आणि आज या पिंपवाल्यांसाठी बोलू?"

पोलिसाने विजेरी मागे मारली. गोधड्यांच्या ढिगातून एक निळसर नाक आणि त्यातली नळी दिसली. पोराचा चेहरा उतरला. त्याने तोंडाजवळ यंत्र धरून काहीतरी भराभर सांगितले.

"काय केलंस तू?" यूजीन ओरडला.

"घाबरू नका काका, रुग्णवाहिका येतेय. पुढे नांगर लावून आणतायत."

"मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात, काका."

दयाळू माणसापुढे कुणाचे काही चालत नाही. नांगर आला, त्यामागे रुग्णवाहिका आली, आणि यूजीनला झोपवून पट्टे आवळले. नॉर्बर्ट बाजूला बसला. बाईंची गाडी कडेला ढकलावी लागली, आणि बर्फात म्हातारीला सोडायचे कसे, म्हणून त्याही चढल्या. भोंगा वाजवत मंडळी निघाली. बराच वेळ खिडकीला पांढरेशिवाय काही नव्हते. मग एका क्षणी, चाकूने कापावी तशी, भिंत संपली.

ऊन. कोरडा रस्ता. पातळ जाकिटातली माणसे. आणि समोर ते मैदान, त्याच्या कपाळावर दिव्यांनी लिहिलेले कोल्ड फर्नेसचे नाव आणि दारापाशी रांग.

यूजीनने काचेवर बोटे वाजवली. "इथेच उतरवा."

"ही काय बस आहे, साहेब?" रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला. गाडी दारावरून तशीच पुढे गेली आणि पुढच्याच वळणावर रुग्णालयात शिरली.

दोन तास चाचण्या झाल्या. मग डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. "आलात ते बरं झालं. न्यूमोनिया आहे. घरी असता तर रात्र निघाली नसती. गाण्याला बसला असता तर दुसऱ्या गाण्याला गेला असता."

"पहिलं तरी झालं असतं," यूजीन म्हणाला.

खिडकीतून मैदानाचे छप्पर दिसत होते. रांग आत सरकत होती. यूजीनने तोंडावरचा ऑक्सिजनचा मुखवटा बाजूला केला.

"नॉर्बी, तू जा."

"तुझ्याशिवाय नाही."

"मूर्खपणा करू नकोस. पस्तीस वर्षं वाट बघितलीस."

"आपण बघितली."

यूजीनने पुष्कळ शिव्या दिल्या, पण श्वास पुरेना तेव्हा थांबला. परिचारिकेने आत डोकावून सांगितले, की रुग्णापाशी एकालाच थांबता येईल. दोघा भावांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. मिसेस विचोरेक पर्स छातीशी धरून जप करत होत्या.

"नाही," नजर ओळखून त्या म्हणाल्या.

"मिसेस विचोरेक, घरी जायला रस्ता नाही तुम्हाला. इथे बसू देत नाहीत. तिकिटं तुमच्याच पर्समध्ये आहेत."

"मी चर्चच्या गाणाऱ्यांतली बाई आहे, यूजीन! मला ओळखणाऱ्या कुणी बघितलं तर?"

"म्हणूनच. दुसरा कुणी असता तर माझं मन राखायला गोडगोड बोलला असता. तुम्ही खोटं बोलत नाही. जा, नीट बघा, नीट ऐका, आणि जे असेल ते सगळं सांगा. मला तेवढंच मिळणार आहे."

बाईंनी टोपी नीट केली. चर्चमधल्या मिस्साला निघावे तशा त्या ताठ चालत गेल्या. नॉर्बर्ट खिडकीपाशी उभा राहिला. छपराच्या कडा तांबड्या झाल्या, मग निळ्या. आवाज काही इथवर आला नाही. जाड काचेला फक्त एक बारीक थरथर येत होती, आणि नॉर्बर्टने तिच्यावर हात ठेवला होता.

सकाळपर्यंत यूजीनचा चेहरा आणखी आत गेला होता. रात्र खाली बाकावर काढून मिसेस विचोरेक भेटीच्या वेळी आल्या तेव्हा त्याने डोळे उघडले. बाईंची टोपी तिरकी झाली होती. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी यूजीनकडे पाहिले. ती नळी, तो मुखवटा, ते उघडे टाकलेले डोळे.

"सांगा," तो म्हणाला.

"अगदी टाकाऊ," बाई कुजबुजल्या. त्यांचा आवाज फुटत नव्हता. "थंडी बाधली मला. काय सांगू यूजीन, अगदी टाकाऊ. गाणारा म्हातारा झालाय, शब्द विसरतो. ढोलवाल्याचा हात चालत नाही. चौघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. लोक मध्येच उठून गेले. तुम्ही काही गमावलं नाहीत. काहीच नाही."

"आणि शेवटचं? भट्टीचं गाणं?"

"ते तर म्हटलंच नाही त्यांनी."

नॉर्बर्टच्या खांद्यांवरचे ओझे उतरले. कालपासून तो स्वतःला खात होता: पट्टी उत्तरेला जाणार म्हणणारा तो, चुकीची गाडी उपसणारा तो. आता त्याला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा वाटले, की देवाने त्यांची फसगत केली नाही, उलट राखले. त्याने भावाचा हात दाबला. यूजीनचा चेहराही सैल पडला होता.

"बरं झालं मग," यूजीन म्हणाला. "उपकार झाले, मिसेस विचोरेक."

बाई उठल्या. दारापाशी पोचल्या तोवर त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि एक," मागून यूजीनची क्षीण हाक आली. त्याने मुखवटा जरा वर उचलला होता. "परिचारिकेकडून मीठ मागून घ्या आणि कोमट पाण्याच्या गुळण्या करा. उद्या रविवार. एवढा गळा कुठे फोडून आलात म्हणून फादर विचारतील, तेव्हा त्यांना तरी खरं सांगा."