सेक्रेटरींची परदेशातून हजेरी

लॅपटॉप पलंगावर उघडा होता आणि सेक्रेटरी त्याच्याकडे, सभेला उशिरा आलेल्या सभासदाकडे पाहावे तसे पाहत होते. मुलीने हौसेने ठरवून दिलेल्या या परदेशातल्या गेस्टहाउसात मऊ उशा होत्या, केस वाळवायचे यंत्र होते, खिडकीबाहेर छान रस्ता होता. फक्त नेट नव्हते. आणि दुपारी सोसायटीची विशेष सभा होती.

इकडे सेक्रेटरी सपत्नीक विमानात बसले आणि तिकडे वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी सभेची नोटीस लावली आणि विमान उडायच्या आत तिचा फोटो सेक्रेटरींच्या फोनवर पाठवला. विषय एकच, गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या हलवणे. त्या कुंड्यांखाली डॉक्टरांचे छत होते आणि छताला ओल आली होती. पण कुंड्या सेक्रेटरींच्या होत्या. निवृत्तीनंतर माणसे पेपर वाचतात, भांडतात, झोपतात. सेक्रेटरींनी गच्चीवर गुलाब लावले, ड्रममध्ये लिंबू लावले, आईच्या घरून आणलेल्या जाईच्या फांदीला मांडव केला. त्या जाईवर त्यांचा मुलीइतकाच जीव होता. मुलगी जवळ नसल्यामुळे थोडा जास्तच म्हणा ना.

"तुम्ही नसलात एका मीटिंगला तर काय बिघडणार आहे?" गेस्टहाउसात बॅग रिकामी करता करता बायकोने विचारले.

"माझ्याशिवाय मीटिंग होणारच कशी?" सेक्रेटरी म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार छळणार होते.

सेक्रेटरी नियमाचे पक्के होते आणि नियमही त्यांनीच करून घेतलेले होते. सभेला गणपूर्ती हवीच आणि ती मतदान संपेपर्यंत टिकायला हवी. एक डोके कमी पडले तरी सभा रद्द, आणि तो विषय पुन्हा वर्षभर काढायचा नाही. एकदा शेवटचा सभासद लिफ्टमध्ये अडकून आतून "मी आलोय, मी आलोय" ओरडत होता, तरी सेक्रेटरींनी सगळ्यांना घरी पाठवले होते. लिफ्ट म्हणजे सभागृह नव्हे, असे त्यांचे म्हणणे. नेटवरून पडद्यावर लावलेली हजेरी मात्र त्यांनीच नियमात बसवून घेतली होती. मधूनच उठून जाणाऱ्याला ते चारचौघांत फैलावर घेत. आणि सेक्रेटरींनी स्वतः इतिवृत्त लिहून पाठवल्याशिवाय कुठलाही ठराव अमलात येत नसे.

तर नेट. गेस्टहाउसचे वायफाय लागत होते, पण लागल्यावर एक पान उघडे आणि मोबाइल नंबर मागे. नंबरवर कोड येणार होता. कोड यायला फोन चालू हवा. घरचा फोन परदेशात चालू करायचा तर कंपनीच्या साइटवर जाऊन तशी विनंती करायला हवी होती, आणि साइटवर जायला नेट हवे होते. सेक्रेटरींनी हे कोडे उलटसुलट करून पाहिले, मग मालकीणबाईंना गाठून तक्रार केली. खाणाखुणांवरून इतके कळले की दुरुस्तीवाल्याला निरोप जाईल. कधी येईल, या प्रश्नाला बाईंनी आकाशाकडे हात केला.

"आपण इथलं सिमच घेऊ," सेक्रेटरी म्हणाले. सिमच्या दुकानात पासपोर्ट मागितला. पासपोर्ट काल नोंदणीसाठी मालकीणबाईंनी घेऊन खणात ठेवले होते, आणि परत येऊन पाहतात तर बाई खणाला कुलूप लावून बाजारात गेलेल्या. सेक्रेटरी फाटकाशी उभे राहिले. बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशव्या सेक्रेटरींनी इतक्या तत्परतेने काढून घेतल्या की त्या आधी दचकल्या आणि मग खूश झाल्या. पासपोर्ट मिळाले, सिम मिळाले, पण सेक्रेटरींच्या फोनला परके सिम चालेना. ते बायकोच्या फोनमध्ये घातले. तिच्या फोनवरून लॅपटॉपला नेट जोडले आणि सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे फार वेळ राहिला नाही. लॅपटॉप कित्येक महिने कपाटात उपाशी होता. नेटचा वास लागताच त्याने सभेचे नाव न घेता स्वतःचे अपडेट उतरवायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी हे बटण दाबले, ते दाबले, त्याला चार शब्द सुनावले. शेवटी पडद्यावर सगळे अद्ययावत झाल्याची खूण उमटली आणि फोनवर पॅक संपल्याचा निरोप आला. दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होते.

"राहू द्या आता. चला, जरा बाहेर फिरून येऊ. एवढे पैसे घालून आलोय, अजून कोपऱ्यापलीकडे काही बघितलं नाही," बायको म्हणाली.

"तिकडे जाई उपटतील आणि मी इकडे फिरू?"

सेक्रेटरींचा आवाज थोडा कापला. संसारात असा आवाज तिने फारसा ऐकला नव्हता. तिने पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली.

नेटचा डबा मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर होता आणि त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे. बाई चादरींचा ढीग घेऊन बसल्या होत्या. बायकोने काही न बोलता एका चादरीची दोन टोके धरली. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण झटकणे, ताणणे, जुळवणे यात भाषा लागत नाही, आणि नवऱ्यांविषयी तर एक सुस्कारा पुरतो. ढीग संपेस्तोवर दोघींचे गूळपीठ झाले. बाईंनी आपणहून माळ्यावरून वायरीचे एक भले मोठे भेंडोळे काढले, एक टोक डब्यात खोचले आणि दुसरे बायकोच्या हातात दिले.

वायर जिन्यापर्यंत आली, वळली आणि कपडे धुवायच्या खोलीच्या दारात संपली. सेक्रेटरींच्या खोलीपर्यंत ती काही पोहोचेना. सेक्रेटरींनी वायरीशी वाद घातला नाही. पालथ्या बादलीवर बसून, समोर स्टुलावर लॅपटॉप ठेवून, मागे वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींसह ते सभेला तयार झाले. शेजारी कपड्यांचे मशीन गरगरत होते. सभेची वेळ होऊन गेली होती, पण नेट खणखणीत होते.

पडद्यावर सोसायटीचे कार्यालय उगवले. सेक्रेटरींना वाटले होते की आत वाद पेटला असेल. पण सगळे गप्प होते. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. अध्यक्ष चष्म्याची काडी बंद करत होते आणि दाताचे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले होते. सेक्रेटरींचा चेहरा दिसताच डॉक्टर ताडकन उभे राहिले.

"आले, सेक्रेटरी आले," ते दोन्ही हात पसरून म्हणाले.

एवढे प्रेमाचे स्वागत डॉक्टरांकडून सेक्रेटरींना कधीच मिळाले नव्हते. ते नमस्कार करायला हात उचलतात तोच अध्यक्षांनी काडी पुन्हा उघडली.

"बरं झालं बुवा. एक जण कमी पडत होता, मी सभा रद्दच करत होतो. झाली गणपूर्ती. करू या सुरुवात. तुमची तब्येत बरी आहे ना? मागे चादरी दिसतायत, दवाखान्यात आहात का?"

सेक्रेटरींचे हात तसेच अधांतरी राहिले. आपण आलो नसतो तर, इथपर्यंत विचार गेला आणि पुढे जाईना. वर्षभर विषय निघाला नसता. जाई मांडवावर राहिली असती. सकाळपासून जे नेट नव्हते तेच त्यांच्या कुंड्या राखत बसले होते, आणि त्यांनी त्याच्या नाकी नऊ आणून त्याला हजर केले होते.

पण मतदान व्हायचे होते. तेवढ्यात आपले डोके तिथून नाहीसे झाले तर गणपूर्ती मोडत होती. उठून जाणे शक्य नव्हते, त्यावर त्यांचीच भाषणे साऱ्यांना पाठ होती. नेट गेले तर मात्र माणसाचा दोष नाही. परदेशात जातेच नेट. चेहरा गंभीर ठेवून, डॉक्टरांच्या ओलीचे वर्णन मान हलवत ऐकत, सेक्रेटरींनी स्टुलामागे हात नेला आणि वायर उपटली.

चित्र थिजले. डॉक्टर तोंड उघडे ठेवून थांबले. सेक्रेटरींनी समाधानाने डोळे मिटले.

"तर अशी बादली मला गादीवर ठेवून झोपावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरींनी डोळे उघडले. दारात बायको फोन उंच धरून उभी होती. ती हळूच कुजबुजली, "दुकान उघडलं होतं. म्हटलं ऐन वेळी दगा नको, नवीन पॅक मारून आणला. आपोआप लागलं की नाही?"

सेक्रेटरींनी भुवया उडवल्या. बायकोने मान डोलावली. त्यांनी डोळ्यांनी फोनकडे खूण केली, बायकोने फोन आणखी जवळ आणला. तोंडाने बोलायची सोय नव्हती, कारण पलीकडे सगळे ऐकत होते. अखेर त्यांनी तिच्या हातून फोन घेतला, तो विझवला आणि चादरीच्या ढिगात खुपसला. चित्र पुन्हा थिजले. पण बायको आता कामाला लागलेली होती. तिची नजर खाली गेली.

"अगंबाई, ही सुटलीय होय," असे म्हणून तिने वायर उचलली आणि टक्क आवाज येईपर्यंत घट्ट बसवली.

अध्यक्षांनी सेक्रेटरींना बोलायला सांगितले. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते, म्हणून ते खरेच बोलले. जाईची फांदी ओल्या कापडात गुंडाळून कशी आणली, पहिले फूल आईला दाखवायचे कसे राहून गेले, हे त्यांनी कुणाला कधी सांगितले नव्हते. डॉक्टरांनीही मान खाली घातली. पण गादीवरच्या बादलीलाही उत्तर नव्हते, हे सेक्रेटरींना बोलता बोलताच कळत होते. मतदान झाले. विरोधात त्यांचा एकट्याचा हात वर होता, चादरींच्या पार्श्वभूमीवर.

"ठराव मंजूर. परदेशातूनसुद्धा वेळात वेळ काढून हजर राहिलेल्या सेक्रेटरींचे विशेष आभार," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या सर्वांत जोरात होत्या.

पडदा काळा झाल्यावर सेक्रेटरींनी बायकोला सगळे सांगितले. ती शेजारच्या टोपलीवर बसली.

"म्हणजे मी त्या चादरींच्या घड्या घातल्या नसत्या तर?"

सेक्रेटरींनी लॅपटॉप मिटला. बायकोने टोपली त्यांच्या जवळ सरकवली. मग ती म्हणाली, "इतिवृत्त तुम्ही पाठवल्याशिवाय ठराव लागू होत नाही ना?"

"नाही."

"मग पाठवायला नेट हवं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. तिने वायर काढून भेंडोळे केले आणि मालकीणबाईंना परत नेऊन दिले. फोन बंदच ठेवून पर्सच्या तळाशी घातला. नेट नाही हो, काय करणार, हे वाक्य सेक्रेटरींनी मनात म्हणून पाहिले, आणि ते त्यांना फार आवडले. आल्यापासून प्रथमच त्यांना खिडकीबाहेरचा रस्ता दिसला. फिरायला जायचे ठरले. बायकोने चांगली साडी काढली.

दार वाजले. मालकीणबाई हसत उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे खांद्यावर शिडी घेतलेला दुरुस्तीवाला होता. सकाळच्या तक्रारीला मान देऊन तो आपली सुट्टी सोडून आला होता, हे बाईंनी छातीवर हात ठेवून समजावले. त्याने खोलीतच छताला नवा डबा ठोकला, सेक्रेटरींचा लॅपटॉप मागून घेतला आणि स्वतःच जोडून दिला. कोड नाही, नंबर नाही. जाताना तो अंगठा दाखवून बरेच काही बोलला.

"आता म्हणे इथलं नेट कधी जायचंच नाही," बायको पडलेल्या आवाजात म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"चेहऱ्यावरून."

सेक्रेटरी नियमाचे पक्के होते. त्यांनी चष्मा पुसला, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि इतिवृत्ताची पहिली ओळ लिहिली. आवश्यक गणपूर्ती झाल्याने सभेस सुरुवात करण्यात आली.