खाली जॅम, वर साय

चाळीस वर्षं बोटींना वॉर्निश लावलेल्या माणसानं वॉर्निशचा सल्ला घ्यायचा म्हणजे माशानं पोहण्याची शिकवणी लावायची, असं डेन्झिलचं मत होतं. हे मत तो मनात ठेवत नसे. कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात ते ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण होतं, आणि सापडलाच तर डेन्झिल त्याला लगेच ऐकवी. त्यानं वॉर्निश केलेल्या दारात बघून लोक दाढी करत, म्हणे. तशी दाढी करताना कुणाला कुणी पाहिलं नव्हतं, पण ते असो.

निवृत्त झाल्यावर त्यानं पावाच्या कारखान्याची जुनी व्हॅन घेतली. आत बिछाना बसवला, ओटा बसवला, दोन बर्नरची शेगडी बसवली, आणि चारी बाजूंनी प्लायच्या भिंती ठोकल्या. या चालत्या घरातून नवराबायकोनं थेट स्कॉटलंडच्या टोकापर्यंत जायचं, असा बेत होता. त्याच्या बायकोची, लव्हडेची, अट एकच होती. गेल्या चाळीस वर्षांतली प्रत्येक सुट्टी तिनं डेन्झिलच्या कुठल्या ना कुठल्या बोटीत काढली होती, आणि त्या सगळ्या बोटी आतून तपकिरी होत्या.

"चहाच्या किटलीत संसार केला मी," ती म्हणाली. "गाडी आतून पांढरी असेल तर येईन. नसेल तर तू जा, राजा. मी बहिणीकडं ट्रुरोला जाते. तिच्या भिंती पांढऱ्या आहेत."

भिंती तिनं स्वतः पांढऱ्या केल्या. पांढऱ्या रंगात पाणी घालून तो ताकासारखा पातळ केला, एका हातानं लावत गेली, दुसऱ्या हातानं फडक्यानं पुसत गेली. ओहोटीच्या पाण्याखाली वाळूच्या रेघा दिसाव्यात तशा त्या पांढऱ्याखाली लाकडाच्या रेघा दिसू लागल्या. पुसताना ती गावातल्या पोरींचं जुनं गाणं गुणगुणत होती:

खाली जॅम, वर साय,
नदीपलीकडं कळतंय काय!

आता राहिलं होतं ते फक्त वरचं पारदर्शक संरक्षण. शेगडीची वाफ, ओले कोट, मोहरीच्या सॉसचे डाग यांना अडवणारं. तेवढं काम तिनं नवऱ्यावर सोडलं आणि जाताना बजावलं, की दुकानातल्या टॅमझिनला विचार.

टॅमझिन ही रंगाच्या दुकानातली पंचविशीतली मुलगी. तिनं पाण्यातल्या वॉर्निशचा डबा पुढं केला. काका, तेलातलं वॉर्निश पांढऱ्यावर पिवळं पडतं, हे पडत नाही, सुकल्यावर दिसतसुद्धा नाही, असं तिनं नीट समजावलं. डेन्झिलनं झाकण उघडून आत पाहिलं. आत दूध होतं. निदान दुधासारखं काहीतरी होतं.

"भिंतीला लावायचं की मांजरीला पाजायचं?" त्यानं विचारलं. आणि जे लावल्यावर दिसतच नाही ते लावायचं तरी कशाला, हा त्याचा दुसरा प्रश्न होता. डबा तिथंच ठेवून तो घरी आला आणि शेडमधून बोटीच्या वॉर्निशचा आपला लाडका डबा काढला. मधासारखं दाट, मधासारखं सोनेरी.

पहिला हात लावला तेव्हा भिंत किंचित पिवळसर वाटली. दोष बल्बचा असणार. त्यानं बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी दुसरा हात लावला, तर भिंतीला कावीळ झालेली. त्यानं चष्मा पुसला. शर्टानं पुसला, रुमालानं पुसला, शेवटी भांड्यांच्या साबणानं धुतला. तिसऱ्या दिवशी तिसरा हात लावून तो मागं सरकला, तेव्हा बल्ब नवा होता, चष्मा लख्ख होता, आणि तो स्वतः एका भल्यामोठ्या किटलीत उभा होता. मात्र चकाकी अशी की दाढी करता आली असती.

एवढ्यात दारात शेजारचा हेडली आला. हेडली तीस वर्षं या गावात राहत होता, तरी गावाच्या लेखी तो नदीपलीकडचाच, डेव्हनवाला. टेमर नदीच्या अलीकडं स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा छोटा गोडसर पाव, कापून त्याला आधी जॅम लावतात, मग त्यावर जाड साय. पलीकडं आधी साय, मग जॅम. एवढ्यावरून या दोन मुलखांनी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या माफ केलेलं नाही.

हेडलीनं आत पाहिलं. त्याचे डोळे पाणावले.

"गड्या, खाली पांढरी साय, वर जॅमचा थर," तो म्हणाला. "तीस वर्षांत या गावात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर क्रमानं लावलं. आईच्या घरी आल्यासारखं वाटलं बघ."

डेन्झिलला आयुष्यात पुष्कळ शिव्या मिळाल्या होत्या, पण असं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं. आणि हेडलीच्या खांद्यामागं लव्हडे उभी होती. तिनं भिंतीवरून एक बोट फिरवलं, जिथं तिचं फडकं फिरलं होतं तिथूनच, आणि म्हणाली, "माझी भिंत पलीकडची केलीस तू."

मग ती घरात गेली. थोड्या वेळानं माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज आला. ट्रुरोची छोटी बॅग.

डेन्झिल पायरीवर बसून राहिला. तीन हात घासून काढावेत, तर खालचा लव्हडेचा पांढरा हातही जाणार. प्लाय उखडावा, तर निघायला अकराच दिवस उरलेले. आतून खिडकीवाटे गाण्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन होता. गाणं येत नव्हतं. म्हणून त्यानंच ते बेसूर आवाजात पुटपुटलं: खाली जॅम, वर साय. दुसऱ्यांदा पुटपुटताना तो थांबला. तिसऱ्यांदा म्हणण्याआधी तो दुकानाच्या वाटेला लागला होता.

टॅमझिननं डबा अजून गल्ल्यावरच ठेवला होता. "मांजर आलं वाटतं," ती म्हणाली.

डेन्झिलनं टोपी काढली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा वॉर्निशविषयी प्रश्न विचारला. उत्तर सोपं होतं. जॅम आठवडाभर कडक वाळू द्या, काका. मग पॉलिश पेपरनं चकाकी मारा. या दुधात थोडा पांढरा रंग मिसळून पातळ हात द्या, आणि शेवटी दोन हात नुसत्या दुधाचे.

दाढी करता येईल अशी ती चकाकी त्यानं स्वतःच्या हातानं मारली. मग साय चढवली. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं लव्हडेला हाक मारली. भिंत पांढरी होती, आणि पांढऱ्याच्या आत खोल कुठंतरी ऊन साठलेलं होतं. रेघा तशाच. लव्हडे बिछान्याच्या कडेला बसली आणि तिनं भिंतीवरून एक बोट फिरवलं.

"खाली जॅम, वर साय," डेन्झिल हळूच म्हणाला.

तिनं छोटी बॅग आत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी टेमरचा पूल ओलांडल्यावर तिनं हेडलीनं वाटेसाठी दिलेला डबा उघडला. आत स्कोन होते, अर्थातच साय खाली, जॅम वर. लव्हडेनं क्रम सुधारण्यासाठी एक स्कोन उलटा केला, नेमका त्याच वेळी डेन्झिलनं ब्रेक दाबला, आणि जॅमचा गोळा थेट नव्या भिंतीवर बसला. लव्हडेनं ओलं फडकं फिरवलं. डाग गेला, मागमूसही राहिला नाही.

डेन्झिलची छाती फुगली. "बघितलंस?" तो म्हणाला. "चाळीस वर्षांचा..."

"पुढच्या गावात थांब," लव्हडे म्हणाली. "टॅमझिनला कार्ड टाकायचंय."