शिट्टी वाजली की आडवे

खेळाच्या सरांनी दुसरीच्या मुलांना गेले कित्येक महिने एकच खेळ शिकवला होता, आणि तो म्हणजे आडवं पडणं. सरांनी शिट्टी वाजवली की अख्खा वर्ग मैदानावर जिथल्या तिथे उताणा व्हायचा. हात बाजूला, डोळे घट्ट मिटलेले, आणि सर "चला, उठा" म्हणेपर्यंत कोणी बोटसुद्धा हलवायचं नाही. बाकीच्या वर्गांना सर पळवायचे, उड्या मारायला लावायचे, चेंडू झेलायला लावायचे. दुसरीचा तास मात्र दिवसाच्या शेवटी असायचा आणि तोवर सरांचं उसनं अवसान संपलेलं असायचं.

उसनं म्हणायचं कारण सरांची बायको गेली होती. आजारी पडली काय, दवाखान्यात नेली काय आणि गेली काय, कोणाला काही कळायच्या आत सगळं आटोपलं. घरात मागे राहिले सर आणि सासूबाई. म्हातारीची एकुलती एक लेक गेली होती. तिच्यासमोर आपण रडत बसायचं म्हणजे काय, असं सरांना वाटायचं. म्हणून ते घरात हसायचे. सकाळी चहा टाकताना गाणं गुणगुणायचे, आणि त्यांचा आवाज असा होता की शेजारी खिडकी लावून घ्यायचे. सासूबाईही काही कमी नव्हत्या. त्या शेजारपाजारचे किस्से रंगवून रंगवून सांगायच्या आणि सर पोट धरून हसल्यासारखं करायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात रोज काहीतरी समारंभ आहे.

मग माणसाने रडायचं कुठे? रस्त्यात रडावं तर मुलांचे आईबाप भेटतात. शिक्षकांच्या खोलीत रडावं तर तिथे गणिताच्या बाई लाल पेन घेऊन वह्या तपासत बसलेल्या. राहता राहिलं मैदान. मुलं आडवी झाली की सर त्यांच्याकडे पाठ करून कुंपणाशी बसायचे आणि आवाज न करता मनसोक्त रडून घ्यायचे. मग नाक शिंकरायचं, तोंड पुसायचं, "चला, उठा" म्हणायचं, झालं. कोणाला पत्ता नाही. निदान सरांचा तरी असाच समज होता.

पण मुलं घरीही जातात ना. एके दिवशी भिंगरीची आई तणतणत शाळेत आली. भिंगरी हे पोरीचं घरचं नाव, एका जागी टिकत नाही म्हणून पडलेलं.

"काल आमच्याकडे पाहुणे जेवायला होते," ती मोठ्या बाईंना सांगायला लागली. "त्यांच्या पोराने खेळण्यातली शिट्टी वाजवली आणि आमची भिंगरी तोंडात घास तसाच ठेवून जमिनीवर आडवी! मला वाटलं, पोरीला काय झालं!"

"तुमची घरात तरी पडली," मागून एक वडील म्हणाले. "चौकात पोलिसाने शिट्टी मारली तर आमचे चिरंजीव भर रस्त्यात उताणे. मागे बस उभी. ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांची आठवण काढतोय आणि हा डोळे उघडायला तयार नाही!"

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी सरांना बोलावून घेतलं. गणिताच्या बाई तिथे आधीच बसलेल्या होत्या.

"सर, तुम्ही या मुलांना शिकवता तरी काय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"विश्रांती," सर म्हणाले.

"सात वर्षांच्या मुलांना? ती दमली कशाने?"

"तो तास मला द्या बाई," गणिताच्या बाई म्हणाल्या. "नाहीतरी नुसती लोळतात. त्यापेक्षा पाढे म्हणतील. बेरजेत हातचा घ्यायला अजून विसरतात मेली."

सरांना एकदम कुंपण आठवलं. तो तास गेला तर आपण कुठे जायचं? घरी जाऊन हसायचं, इथे येऊन शिट्ट्या मारायच्या, आणि जे आत साचतंय ते तसंच साचू द्यायचं? या विचाराने त्यांना इतकी धडकी भरली की तोंडाला येईल ते बोलून गेले.

"शनिवारी पालकांना बोलवा. दुसरीची शर्यत ठेवतो. पोरं अशी पळतील की बघत राहाल."

"आणि नाही पळाली तर?"

"तर तास बाईंचा."

घरी ही बातमी त्यांनी हसत हसत सांगितली. "वा जावईबापू, मीही येते बघायला," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांना नको कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून सरांनी तयारी सुरू केली. शिट्टी वाजवली. वर्ग आडवा. "अरे, पळायचं!" सर ओरडले. सरांनी एकेकाला हात धरून उभं केलं, तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"सर, आज नाही का?" भिंगरीने हळूच विचारलं.

"काय नाही?"

"काही नाही," म्हणून तिने बुटाने माती उकरली.

पुन्हा शिट्टी, पुन्हा आडवी. शेवटी सरांनी शिट्टीचा नाद सोडला आणि टाळी वाजवून बघितली. टाळीला पोरं सुसाट सुटली! सरांचा जीव भांड्यात पडला. शनिवारी टाळी वाजवायची, शिट्टीला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. सवयीने ती गळ्यात राहिली, एवढंच.

शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. पालक खुर्च्यांवर बसले. सासूबाई चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत. सरबत कोणी करेना म्हणून गणिताच्या बाईंनी केलं आणि मापून मापून पेल्यांत ओतलं. मुलं सरबत पिऊन रेघेवर उभी राहिली. सरांनी टाळी वाजवायला हात उचलले, तेवढ्यात मोठ्या बाई पुढे आल्या.

"टाळी काय? कोणाचा वाढदिवस आहे? आणा ती शिट्टी."

"नको बाई, टाळीच—"

"अहो, एवढे लोक आलेत. शर्यत शर्यतीसारखी होऊ द्या." असं म्हणून त्यांनी सरांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकली.

अख्खी दुसरी रेघेवर आडवी झाली.

मग मागच्या रांगेतून एक वडील किंचाळले, "सरबत! सरबतात काहीतरी होतं!"

झालं. खुर्च्या उलट्या पडल्या, चपला निसटल्या, आणि आईबाप आपापल्या पोराच्या दिशेने जे सुटले ते सुटले. भल्या मोठ्या पोटाचे एक गृहस्थ सगळ्यांच्या पुढे होते. एरवी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले की कठडा धरणारा माणूस! जो तो आपलं मूल गदागदा हलवायला लागला. मुलं डोळे उघडेनात. कोणी म्हणालं डॉक्टर, कोणी म्हणालं उलटी करवा, कोणी म्हणालं पाय वर धरा.

"माझ्या सरबतात काही नाही!" गणिताच्या बाई ओरडल्या. "हे बघा, मीच पिते!" त्यांनी एक पेला घशाखाली घातला, मग दुसरा, मग समोर येईल तो. "झालं काही मला? झालं?" शेवटी इतकं सरबत प्यायल्या की चेहरा पांढराफटक पडला. तो बघून एक आई किंचाळली, "यांनाही चढलं!" आणि चार जणींनी धरून बाईंनाही मुलांच्या रांगेत आडवं केलं.

"शांत व्हा! शांत व्हा!" मोठ्या बाई म्हणाल्या आणि शांतता व्हावी म्हणून त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली. आईच्या धक्क्याने ज्यांनी जरा मान वर केली होती ती दोघं-तिघंही परत सपाट.

सर मध्ये धावले. "उठा रे! चला, उठा!" 

एकही मूल उठलं नाही.

आता मात्र सर घाबरले. रोज या दोन शब्दांवर ताडकन उभी राहणारी पोरं आज हलत का नाहीत? खरंच सरबतात काही होतं की काय? ते भिंगरीशेजारी गुडघ्यावर बसले. तिची आई रडत रडत तिला हलवत होती.

"आई, हलवू नको ना," भिंगरी डोळे न उघडता कुजबुजली. "सरांचं रडून व्हायचंय अजून."

"काय व्हायचंय?"

"रडून. शिट्टी वाजली की सर रडतात. आपण बघायचं नसतं. बघितलं की मोठ्यांना लाज वाटते."

"आणि सरांनी नाक शिंकरल्याशिवाय उठायचं नसतं," शेजारचा मुलगा म्हणाला. त्याचेही डोळे मिटलेलेच. "आज शिंकरलंच नाही."

"नुसतंच उठा म्हणाले," रांगेतून आणखी कोणीतरी म्हणालं. "घाईघाईत."

एवढा आरडाओरडा चालला होता, पण हे नेमकं सगळ्यांना ऐकू गेलं. पोरांना हलवणारे हात थांबले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनोन् महिने आपण लपवतोय लपवतोय म्हणत होतो, आणि ही एवढीएवढीशी पोरं रोज आपल्याला सांभाळून घेत होती! कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना.

पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. सावकाश चालत आल्या. त्या सरांच्या जेमतेम कोपराला लागायच्या.

"जावईबापू, तुम्ही रडता?"

सर गुडघ्यांवरची माती झटकत उभे राहिले.

"आणि मी वेडी रोज बाथरूममध्ये नळ सोडून रडते, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून!"

"मला वाटलं, तुम्हाला आंघोळीला पाणी फार लागतं," सर म्हणाले.

"पाणी लागतं! या वयात मी दिवसातून चारचारदा आंघोळ करीन?" म्हातारीचा आवाज चिरकला. "तुम्ही सकाळी उठून गाणी म्हणता, माझ्या गोष्टींना खो खो हसता. मला वाटायचं, विसरला हा माणूस. इतक्यात विसरला माझ्या लेकीला. इतका राग यायचा मला तुमचा. कोणाला सांगू?"

"विसरलो?" सर म्हणाले. "आई, मी विसरलो?"

इतके दिवस आवाज न करता रडणारा माणूस भर मैदानात, सगळ्या पालकांदेखत, हुंदके देऊन रडायला लागला. सासूबाईंनी त्यांची बाही घट्ट धरली आणि त्याही रडायला लागल्या. लोकांना कुठे बघावं कळेना. भिंगरीच्या आईने लेकीसारखे डोळे मिटून घेतले. मोठ्या पोटाचे गृहस्थ उगाचच कुंपणाच्या खांबाकडे निरखून बघत राहिले. मोठ्या बाईंनी हातातली शिट्टी पदराआड लपवली, जशी काही सगळी चूक तिचीच.

"आता हे दुसरं कोण?" एका मुलाने पडल्या पडल्या विचारलं.

"सरांची आजी असेल. गप पड," भिंगरी म्हणाली.

बऱ्याच वेळाने सरांनी रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. त्यासरशी सगळी दुसरी एकदम उठून उभी राहिली, आणि शर्यत राहिलीच आहे हे आठवून पळत सुटली. आईबाप पटापट बाजूला झाले. पोरं खरंच अशी पळाली की लोक बघत राहिले. पहिला कोण आला ते मात्र कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

तास खेळाचाच राहिला. "गणित कुठे पळून जात नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. सरांनी मुलांना नव्याने शिकवलं, शिट्टी वाजली की पळायचं, आणि आठवडाभरात ती शिकली. घरी गाणी बंद झाली. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. आता सर आणि सासूबाई चहाला बसले की तिच्या आठवणी काढायचे, दोघंही रडायचे, आणि चहा थंड झाला म्हणून एकमेकांवर खेकसायचे. घर अगदी रडकं झालं होतं आणि पुष्कळ बरं चाललं होतं.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी दुसरीचा खेळाचा तास चालू असताना गणिताच्या बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून मैदानात आल्या आणि सरांच्या शेजारी नुसत्याच उभ्या राहिल्या.

"पाढे घ्यायचेत का?" सरांनी विचारलं.

"नाही."

मुलं पळत होती. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी दुसरीकडेच तोंड करून म्हणाल्या, "सर, यांना जरा आडवं पाडता येईल का? थोडाच वेळ."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंची हनुवटी थरथरत होती. यांच्या घरी कोण असतं, कोण नसतं, हे आपण इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. आता विचारायची वेळ नव्हती.

"तिकडे कुंपणाशी बसा," ते म्हणाले. "आवाज झाला तरी चालतो."

त्यांनी मुलांना थांबवलं आणि म्हणाले, "आज जुनं." मग शिट्टी वाजवली. मुलं होती तिथे आडवी झाली. भिंगरीने डोळे मिटायच्या आधी इकडेतिकडे पाहिलं.

"सर, तुम्ही उभेच?"

"आज माझं नाही गं."

"मग तुम्हीपण पडा ना आडवे."

सर खाली बसले, मग आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. जमीन ओबडधोबड होती, पाठीला खडे टोचत होते, पण बाईंनी नाक शिंकरेपर्यंत ते हलले नाहीत.