राखेतली हार्ड डिस्क

हार्ड डिस्क राखेत घालून ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याची राख माझ्या टेबलावर सांडली, कीबोर्डात गेली आणि उरलेली माझ्या चहात पडली.

हरसिंगकाका सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरचे. शेती सोयाबीन-तुरीची, आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग. माझा बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास, म्हणून वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली की काका ती माझ्याकडं आणणार. एकदा तर मिक्सर घेऊन आले होते.

त्या दिवशी त्यांनी टॉवेलच्या गाठोड्यातून एक काळी डबी काढली. अंगभर राख, चार तुरीचे दाणे आणि कडुलिंबाचा वाळका पाला.

"अगं बाई! काका, हे काय?" मी किंचाळलेच.

"डिस्क हाय. बियाण्याच्या कणगीत ठुली होती."

"कणगीत? काहून पण?"

काका माझ्याकडं असं बघायला लागले, जसं येड मलाच लागलंय. "बाई, तुरीला राख चोळून वर लिंबाचा पाला टाकला की भुंगा लागत न्हाई. जिथं बियाणं जगतं तिथं सगळंच जगतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लेकीची मार्कशीट, रेडिओचे सेल, काकूंची कानातली फुलं, सगळं त्याच कणगीत. वरून काकूंनी दोन पायल्या तूर ओतलेली. मी कपाळाला हात लावला.

काकांना घाबरायला मला जुनं कारण होतं. लग्नात कॅमेरा खांद्यावर चढला की हा माणूस कुणाचाच राहायचा नाही. "उजेड सोडा!" म्हणून ओरडायचे आणि आडवा येईल त्याला ढकलायचे. एका लग्नात पुढारी वऱ्हाडाला नमस्कार करत उभे होते, काकांनी त्यांना कॉलर धरून बाजूला केलं. माझ्याच लग्नात माझ्या सासूबाईंना दंडाला धरून ओढलं. सासूबाई तो राग अजून माझ्यावर काढतात.

मी ब्रशनं राख झाडली, डिस्क जोडली. आत टक, टक, टक. स्क्रीनवर नाव दिसलं आणि गेलं.

"आवाज करून राहिली म्हंजे जिती हाय," काका खूश.

"मरायला टेकलीय, काका! दुसरी कॉपी कुठंय?"

"दुसरी काहून? हिंगोलीच्या पोरानं सगळ्या कॅसेटी हिच्यात उतरवल्या. कॅसेटी मी जाळल्या. घरात अडगळ."

शंभरावर लग्नं! पंचक्रोशीतल्या लोकांची लग्नं, आणि हा बाप्या कॅसेटी जाळून मोकळा!

"लोक तुमाला जिवंत ठेवतील का?"

"त्यांच्या सीड्या त्यांच्या घरी हायेत." काका स्टूल ओढून बसले. मग एकदम हळू झाले. हळू बोलणारे हरसिंगकाका मी पहिल्यांदाच पाहत होते. "बाई, बाकी गेलं तर जाऊ द्या. अनिताचं तेवढं काढा."

अनिता त्यांची एकुलती एक लेक. चार वर्षांमागं वसमतला दिली.

"अहो, तिच्या लग्नाची सीडी तुमच्याकडंही असंल की!"

"हाय. तिच्यात ढावल्याचा आवाज काढून त्या पोरानं पिच्चरचं गाणं टाकलं."

तांड्यावर लेक सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. मनात येईल ते त्यात गुंफून म्हणते. एकदाच म्हणते.

"तुमी तिथंच होता ना? ऐकलं न्हाई?"

"मी शूटिंग करून राहिलो होतो. उजेड चालला होता." काका टॉवेलची दशी ओढत राहिले. "लगीन झाल्यापासून फोन केला की म्हनती, याडीला द्या. आईशीच बोलती, माझ्याशी बोलत न्हाई. तिच्या आईला इचारलं, तर म्हनली, ढावल्यात पोरगी तुमाला काय म्हनली ते तुमीच आठवा. आता काय आठवू? मी ऐकलंच न्हाई!"

मग मी बाकीच्या लग्नांना हातच लावला नाही. क्लासच्या पोरींना सुट्टी दिली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला आणि ती एकच फाइल उतरवायला लावली. टक, टक. बारा टक्के. डिस्क गायब. काढा, जोडा. एकवीस टक्के. काका डबीला कान लावून बसलेले, आजारी वासराजवळ बसावं तसे. "चल माय, चल," म्हणत होते. दुपारचे चार वाजले तेव्हा एक्क्याण्णव टक्क्यांवर ती टक टक थांबली. पुन्हा लागलीच नाही. काकांचा चेहरा पांढराफटक.

"आलं तेवढं बघू," मी म्हटलं. आणि फाइल उघडली.

चित्र तुटक, चौकोन चौकोन पडलेलं. अनिता आत्याच्या गळ्यात, मग आईच्या. मग ती वळली, दोन्ही हात पसरून गात गात थेट कॅमेऱ्याकडं आली. आणि कॅमेरा? कॅमेरा चार पावलं मागं सरकला! वर काकांचा आवाज, "तोंड इकडं कर! खाली बघू नको!"

मी तोंडावर हातच ठेवला. असं कुणी करतं का? पोटच्या पोरीला?

चित्र तिथंच अडकलं, पसरलेल्या हातांवर. आवाज मात्र चालू राहिला. मला तिची बोली कळत नव्हती, 'बापू' तेवढं कळत होतं. बापू, बापू, पुन्हा पुन्हा तेच. मग तोही आवाज तुटला.

"काय म्हणती, काका?"

काका स्क्रीनवरच्या हातांकडं बघत होते. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या राखेतून खाली ओघळत होतं.

"म्हनती, बापू, सगळ्या तांड्याच्या लेकी तुमी डोळं भरून बघितल्या. मी तुमचीच हाय, मला डोळ्याला काच न लावता बघा. बापू, ते खाली ठुवा."

मला रडू फुटलं. काका उठले. खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"असू द्या हितंच. परवा तांड्यात लगीन हाय, त्यांना सांगा दुसरा मानूस बघा म्हनून."

"आणि तुमी?"

"वसमतची गाडी किती वाजता हाय?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता स्टँडकडं पळत सुटले.